कापडाची आई

अक्का नव्या माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, खांद्यांकडे बघत. नाव-गाव, नमस्कार-चमत्कार सगळं नंतर. आधी दोन्ही खांद्यांवरून एकदा नजर फिरायची, मग पाठीवरून कमरेपर्यंत उतरायची, आणि मग कुठे त्या हसायच्या. जन्मभर शिवणकाम केलेलं माणूस ते. आमच्या पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "उजवा खांदा उतरलाय गं तुझा. कुठलं ओझं उचलतेस?" मी तेव्हा माझ्या आईला उचलत होते. पडल्यापासून ती अंथरुणाला खिळली होती आणि सकाळी तिला उठवून बसवताना सगळा भार माझ्या उजव्या हातावर यायचा. हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं, सांगायची ताकदही उरली नव्हती. या बाईने ते माझ्या कुडत्यावरून ओळखलं. मला त्यांचा थोडा रागच आला.

ही भेट झाली बंगलुरात, कनकपुऱ्याच्या रस्त्याला, शहर संपलं म्हणेपर्यंत पुन्हा सुरू होतं, तिथल्या एका छोट्या प्राणिसंग्रहालयात. तिथे वाघ नाही, सिंह नाही. जे आहेत ते सगळे आपल्याच मुलखातले आणि कुठून ना कुठून वाचवून आणलेले. पतंगाच्या मांज्याने पंख कापलेल्या घारी, तीन पायांचा कोल्हा, तस्करांच्या बॅगेतून निघालेली कासवं, अमावास्येच्या पूजेसाठी पकडलेलं आणि वेळेवर सुटलेलं घुबड. शेजारच्या जुन्या बंगल्यात निसर्ग-संग्रहालय. कुणा कॉफीच्या मळेवाल्याने देऊन टाकलेले पेंढा भरलेले प्राणी, फुलपाखरांच्या पेट्या, साप ठेवलेल्या बरण्या. शाळेच्या सहली येतात, मुलं "वाघ कुठंय?" असं विचारतात, आणि निम्मे प्राणी दिवसा झोपलेले असल्यामुळे रिकामे दिसणारे पिंजरे बघून परत जातात.

मी दर शनिवारी तिथे सहलींना माहिती सांगायला जायचे. प्राण्यांवर माझं फार प्रेम होतं असं नाही. शनिवारी आईजवळ बसायला एक बाई यायच्या आणि मला घराबाहेर कुठेतरी जायचं होतं, एवढंच. मल्लेश्वरमला मेट्रोत बसलं की बराच वेळ कुणी काही मागत नाही, हाक मारत नाही. मी बसल्या बसल्या झोपायचे. मार्केटच्या स्टेशनवर अक्का चढत आणि माझ्या शेजारी बसत. मला उठवत नसत. उतरायची वेळ आली की नुसता पदर माझ्या हाताला लावत.

अक्का चामराजपेटच्या. त्यांना टेलर अक्का म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. त्यांच्या घरात मराठी टिकून होती, पण ती आमच्या पुण्याच्या मराठीला जरा लांबूनच ओळखणारी. त्या स्वतःबद्दल बोलताना "मी येतो गं", "मी शिवतो" असं म्हणायच्या, मधे मधे कानडी यायची, आणि माझं बोलणं त्यांना रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटायचं. घराण्याचा विषय निघाला की त्या सांगत, "कुठल्या तरी फौजेबरोबर आलो बघ आम्ही, तंबू शिवायला. फौज परत गेली, तंबू फाटले, आम्ही राहिलो." हे सांगताना त्यांच्या आवाजात मोठेपणा नसे. काल परवाच कुणी तरी सोडून गेलं असावं, अशा सुरात त्या सांगत.

त्या इथे आल्या त्या कर्मचाऱ्यांचे खाकी गणवेश पोचवायला. यजमान असताना शिवणाचं दुकान होतं, त्यांच्या मागे घरात एक मशीन तेवढं राहिलं होतं. गणवेश देऊन निघायच्या, तर बंगल्याच्या दारात पेंढा भरलेलं अस्वल उभं. त्याच्या पोटाची शिवण उसवली होती आणि भुसा फरशीवर गळत होता. येणारे-जाणारे त्याच्या बाजूने चालत जात होते. अक्कांना ते बघवेना. त्यांनी पिशवीतून सुई काढली आणि तिथेच फरशीवर बसून अस्वलाचं पोट शिवून टाकलं. शिवून झाल्यावर दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि म्हणाल्या, "ढिलं झालंय. कापूस आणतो उद्या." दुसऱ्या दिवशी त्या खरंच कापूस घेऊन आल्या, आणि मग येतच राहिल्या. बिबट्याचा एक कान उंदरांनी खाल्ला होता, तो त्यांनी तपकिरी मखमलीचा करून लावला. सहलीतली मुलं बिबट्याचे दात सोडून त्या कानालाच हात लावायची.

फाटलेलं काही दिसलं की त्यांचा हात जायचाच. सहलीतल्या एखाद्या मुलीच्या फ्रॉकची शिवण उलगडली असेल, तर मी कोल्ह्याची माहिती सांगत असेन आणि अक्का मागून तिच्या पाठीशी टाके घालत असत. मुलगी हलली की म्हणायच्या, "स्वल्प थांब गं राणी, कोल्हा काही पळत नाही." आमच्या प्राण्यांच्या डॉक्टरांच्या ॲप्रनचा खिसा त्यांनी कितीदा शिवला असेल! एकदा तर डॉक्टर बोलता बोलता जायला निघाले आणि दोऱ्याने अक्कांच्या सुईला बांधलेलेच राहिले. "हात जातो गं, काय करू," असं त्या म्हणायच्या, जणू हात ही घरातली दुसरीच कुणी व्यक्ती होती आणि तिच्यापुढे त्यांचं काही चालत नव्हतं.

कापड दमतं, असं त्यांचं म्हणणं होतं. घारींना पट्ट्या बांधायला त्या जुनी धोतरं, जुन्या साड्या आणत. एखादा तुकडा उजेडाकडे धरून त्या बोटांनी चाचपत आणि बाजूला ठेवत, "हे दमलंय. ह्याला मशीन लावायची नाही, हातानं शिवायचं." मी एकदा कंटाळून विचारलं, "अक्का, माणूस दमलं तर?" त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या खांद्याकडे बघितलं, डब्याचं झाकण उघडलं आणि माझ्या हातावर चित्रान्न, लिंबाचा भात, ठेवलं. दमलेल्या माणसाला उपदेश करू नये हे त्यांना कळत होतं, आणि हे कळणारी माणसं तेव्हा माझ्या आयुष्यात फार नव्हती.

मग ते काडुपापा आलं. काडुपापा म्हणजे रानातलं बाळ, कानडीत त्या प्राण्याचं नावच तसं आहे. माकडाच्या लांबच्या नात्यातला, मुठीत मावेल एवढा जीव. काटकुळे हातपाय, शेपूट नाही, आणि तोंडभर डोळे. दिवसभर झाडाला घट्ट धरून झोपतो आणि अंधार पडला की फांदीवरून इतका हळू चालतो की बघणाऱ्याला झोप यावी. लोक त्याला जादूटोण्यासाठी पकडतात. हे पिल्लू मात्र रस्ता रुंद करताना पाडलेल्या एका झाडात मिळालं होतं. आई मेली होती आणि पिल्लू तिच्या पोटाला तसंच चिकटून राहिलं होतं. आणणाऱ्याने दोघांनाही एकाच खोक्यात आणलं, कारण त्याची बोटं सुटत नव्हती.

या जातीचं पिल्लू कशाला तरी बिलगल्याशिवाय दूधच पीत नाही. डॉक्टरांनी अक्कांना सांगितलं, "अक्का, एक आई शिवून पाहिजे." अक्कांनी नेहमीसारखं माप घेतलं. फितीचा उपयोग नव्हता, म्हणून साध्या दोऱ्याने पिल्लाच्या हातांचा वेढा मोजला. दुसऱ्या दिवशी त्या यजमानांचा जुना लोकरीचा स्वेटर कापूनच घेऊन आल्या. त्यातून बेतलेलं लांबट अंग, चार हातपाय, आणि पोटाच्या आत गरम पाण्याच्या बाटलीसाठी खिसा. तोंड केलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "अंधारात तोंड कोण बघतंय? ऊब पाहिजे." पिल्लाला जवळ नेल्याबरोबर ते त्या कापडाला चिकटलं आणि ड्रॉपरने दूध प्यायलं. अक्का तिथेच भिंतीला टेकून बसल्या. डॉक्टर बाहेर जाऊन दोन ग्लास पाणी प्यायले. ते त्या पिल्लासाठी फार जागले होते.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली होती. ही आई कायमची नाही. पिल्लू मोठं होईल तशी आई लहान होत गेली पाहिजे. दर आठवड्याला थोडा कापूस काढायचा, एखादा हात आखूड करायचा, शिवण उसवली तर उसवू द्यायची. मग आधाराला काही उरलं नाही की पिल्लू फांदी धरायला शिकेल, किडे पकडायला शिकेल, आणि दसऱ्याच्या सुमाराला त्याला रानात सोडता येईल. कापड सोडलंच नाही, तर रानात ते एक रात्रही जगणार नाही. मग जन्मभर इथेच, काचेमागच्या खोलीत.

ती खोली अक्कांना मुळीच आवडत नसे. रात्री हिंडणारे प्राणी लोकांना दिसावेत म्हणून तिथे दिवसा अंधार करून तांबडा दिवा लावत. तिथे एक म्हातारं काडुपापा होतं, मांत्रिकाकडून सोडवलेलं, एका डोळ्याने अधू. लोक काचेवर टकटक करत आणि ते त्या आवाजाकडे सावकाश मान वळवी. अक्का तिथून जाताना पदर डोळ्यांवर घेत. "ह्या पिल्लाला इथं नाही ठेवायचं," त्या डॉक्टरांना बजावून सांगत. "ऐकलास काय रे अप्पा? इथं नाही."

म्हणजे ते पिल्लू रानात जावं असं सगळ्यात जास्त कुणाला वाटत असेल, तर ते अक्कांना. आणि घोळ घातला तो त्यांनीच. बरेच आठवडे गेले, पिल्लू अंगाने वाढलं, पण कापड काही सोडेना. फांदीवर ठेवलं की थरथरे आणि वळून आईकडे येई. एका शनिवारी डॉक्टरांनी ती कापडाची आई हातात घेऊन उलटी-सुलटी करून बघितली, वजन केल्यासारखी तोलली, आणि दमलेल्या आवाजात म्हणाले, "अक्का, मी हिला कापतोय आणि ही जाड होतेय. हिला कोण जेवायला घालतंय?"

अक्कांनी ती त्यांच्या हातातून घेतली. उजेडाशी गेल्या. बारीक, एकसारखे, तिरपे टाके. सगळ्या बंगलुरात तसे टाके घालणारं आता दुसरं कुणी नसेल. "अय्यो," त्या हळूच म्हणाल्या, "माझेच की हे." डॉक्टर संध्याकाळी शिवण उसवून ठेवत, आणि सकाळी बाटलीतलं पाणी बदलताना अक्कांना ती उसवलेली दिसे. कापूस बाहेर आलेला, हात लोंबतोय. हात जायचाच. त्या आत कापूस भरायच्या, टाका घालायच्या, आणि विसरूनही जायच्या. डॉक्टरांचा हुकूम त्यांना पाठ होता, पण तो त्यांच्या बोटांपर्यंत कधी पोचलाच नव्हता. जन्मभर ज्या बाईने उसवलेलं सहन केलं नाही, तिने ते आता डोळ्यांदेखत कसं राहू द्यावं?

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते पायरीवर बसले आणि म्हणाले की आता फार थोडे दिवस आहेत, बहुतेक जमणार नाही, काचेमागच्या खोलीत दुसरी फांदी लावून घ्यायला सांगतो. अक्का उभ्याच होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी तसा भाव आधी कधी बघितला नव्हता. जेवणाच्या वेळी त्यांनी डबा उघडला नाही. घरी जाताना मेट्रोत पहिल्यांदा मी जागी होते आणि त्या डोळे मिटून बसल्या होत्या.

पुढच्या शनिवारी त्या आल्या त्या सुईशिवाय. पिशवीत फक्त ब्लेडचं अर्धं पान, काडेपेटीत ठेवलेलं. डॉक्टरांना म्हणाल्या, "तू कात्री लावायची नाही. कात्रीनं दोऱ्याची टोकं राहतात, त्याची बोटं अडकतील. मी शिवली, मीच उसवणार." मग दररोज त्या सकाळी येऊन बसत आणि एक एक टाका काढत. आज एक बोटभर, उद्या दोन बोटं. काढलेला कापूस लगेच पिशवीत, नजरेआड. पहिल्या दिवशी पहिलाच टाका काढायला त्यांना इतका वेळ लागला की मीच ब्लेड मागून घ्यायला निघाले. त्यांनी दिलं नाही. "आजपर्यंत जे उसवलं ना गं, ते परत शिवायला उसवलं," त्या म्हणाल्या. "हे असं, नुसतं उसवायचं म्हणून, कधी केलं नाही मी."

असंच एकदा उसवता उसवता त्यांनी मान वर न करता विचारलं, "आई स्वल्प बरी काय तुझी?" मी सांगितलं, "लहान होत चाललीय अक्का. उचलताना हाताला भारच लागत नाही आता. कधी कधी वाटतं, आपणच थोडा हात काढून घ्यावा." हे मी कुणाशीच बोलले नव्हते, स्वतःशीसुद्धा नाही. अक्कांनी ब्लेड काडेपेटीत ठेवलं, काडेपेटी बंद केली, आणि माझं मनगट धरलं. "हे रानातल्यांचं गं," मांडीवरच्या कापडाकडे बघत त्या म्हणाल्या. "त्यांना सोडावंच लागतं. आपलं तसं नाही. आपण शेवटपर्यंत धरायचं. दमलं तरी धरायचं." मी रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि मग बाहेर सहल आली होती म्हणून उठवलं.

कापड कमी होत गेलं. हात गेले, पाय गेले, बाटलीचा खिसा गेला. पुढे पुढे नुसती तळहाताएवढी पट्टी राहिली, ती अक्कांनी फांदीलाच गुंडाळली. पिल्लू ती धरून बसायचं, पण तिच्याबरोबर त्याला फांदीही धरावी लागायची. एक दिवस डॉक्टरांनी मला फोन केला, एरवी ते कधी करत नसत. पिल्लू पट्टीवरून पुढे गेलं होतं, एक नाकतोडा पकडून खाल्ला होता आणि परत आलं नव्हतं, तिथेच पलीकडे झोपलं होतं. मी म्हणाले, "अक्कांना सांगा." ते म्हणाले, "त्यांनीच तर आधी बघितलं."

पुढे अक्का गेल्याचंही मला असंच फोनवर कळलं. थंडी सुरू होता होता मुलाने त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला आपल्याकडे नेलं होतं. डोळे अधू झाले होते आणि एवढ्या लांबून मेट्रो, रिक्षा करणं त्यांना झेपणार नव्हतं. मी जाईन जाईन म्हणत राहिले. इकडे माझ्या आईचे शेवटचे दिवस होते आणि मी धरून बसले होते, त्यांनी सांगितलं तसं. आईनंतर थोड्याच दिवसांनी अक्काही झोपेत गेल्या. मला त्यांचं शेवटचं दर्शन मिळालं नाही. त्यामुळे माझ्यापुरता त्यांचा निरोप झाला तो दसऱ्यानंतरच्या एका संध्याकाळी, तुमकूरकडच्या रानात.

वनखात्याची परवानगी आली होती. जीपमध्ये डॉक्टर, मी आणि अक्का. त्यांना नको म्हटलं होतं, रस्ता खराब आहे म्हणून. त्या आधीच येऊन जीपमध्ये बसल्या होत्या. चिंचा आणि बाभळींची झाडी लागली तिथे जीप थांबवली. ऊन उतरलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, कापडाची पट्टी त्या झाडाला बांधू या का, पहिल्या रात्रीपुरती. अक्कांनी मान हलवली. "नको. त्यानं मागं यावं असं काही ठेवू नको." पट्टी त्यांनी कमरेला खोवली आणि त्या जीपमध्येच बसून राहिल्या, झाडाकडे पाठ करून.

डॉक्टरांनी पेटी फांदीला टेकवून दार उघडलं. बराच वेळ काही झालं नाही. मग एक हात बाहेर आला, फांदी चाचपून धरली, मग दुसरा. पिल्लू बाहेर येऊन थांबलं. तेवढ्यात खाली रस्त्यावरून ट्रक गेला आणि ते अंग आक्रसून तसंच बसलं. मला वाटलं, संपलं, आता हे परत पेटीत येणार. डॉक्टरांचे ओठ हलत होते. मग त्याने पुढचा हात उचलला, आणखी वरची फांदी धरली, आणि त्याच त्या झोप आणणाऱ्या चालीने वर वर गेलं. पानं दाट झाली, अंधारलं, आणि ते कुठे दिसेना.

मी जीपमध्ये अक्कांशेजारी जाऊन बसले. त्यांनी अजून वळून बघितलं नव्हतं.

"गेलं?"

"गेलं अक्का."

"मागं बघितलं काय गं त्यानं?"

"नाही. एकदाही नाही."

त्यांनी कमरेची पट्टी चाचपली. "सरी, बरं झालं," त्या म्हणाल्या. "म्हणजे आई बरी शिवली होती." आणि मग पदर तोंडात धरून त्या रडल्या, लहान मुलीसारख्या, आवाज करून. मी त्यांना जवळ धरून बसले. डॉक्टरांनी बराच वेळ जीप सुरू केली नाही.